आंजूबायचं राहिलेलं कुमसार

बाय,

तुझं नाव चर्चच्या फळ्यावर, गेलेल्यांच्या यादीत, कसं लिहायचं, यावर परवा आमच्या समितीत बराच खल झाला. एकाचं म्हणणं, बाप्तिस्म्याचं लिहा, आंजेलिना. दुसऱ्याचं म्हणणं, सगळे तिला अंजली म्हणून ओळखतात, आंजेलिना लिहिलं तर कळणार कोणाला? तिसऱ्याला आडनावाचा पेच पडला होता. हिंदू आडनाव आमच्या फळ्यावर आजवर कधी चढलेलं नाही म्हणे. मी तुझी सख्खी धाकटी बहीण, समितीची सचिव, आणि खडूही माझ्याच हातात. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दोन्ही नावं लिहिली, आडनावासकट. अक्षर काही बरं आलं नाही.

मी रडले का, हे तू आधी विचारशील. तुला नसत्या चौकशा फार. तुझ्या सासरी स्मशानात नाही रडले. त्यांच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, आमच्याकडे मातीला सगळे जातात. मी आमच्याकडची म्हणून गेले आणि कोणी अडवलंही नाही. तुझ्या मुलानं, महेशनं, अग्नी दिला तेव्हा मी लाकडं किती ओली आहेत तेच बघत होते. रडू आलं ते नंतर, मासळी बाजारात. सवयीनं तिसऱ्यांचा, त्या शिंपल्यांचा, वाटा उचलला आणि मग आठवलं की मला तिसऱ्या आवडत नाहीत, तुला आवडायच्या. ती बाई विचारत राहिली, "घेतास की ठेवतास?" मी घेतल्या. घरी आणून शेजारणीला दिल्या.

तुला सांगायला नको, पण हे दुसरं कोणी वाचेल म्हणून सुरुवातीपासून सांगते. मसुऱ्याकडचे वसंत मास्तर तुला आवडले, तू त्यांना आवडलीस. त्यांच्या घरी भातशेती, काजूची बाग, आणि एक करडी आई. आपल्या घरी बाबा, आई, मी आणि चर्चचे नियम. नियम काही अगदीच दगड नव्हता. हिंदू नवऱ्याशी चर्चमध्ये लग्न लागू शकत होतं, फक्त होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा करीन आणि त्यांना आपल्या धर्मात वाढवीन, असं तुला लिहून द्यावं लागणार होतं. भावोजींची काही हरकत नव्हती. ते म्हणाले, घाल सही, पुढचं पुढे बघू. आपले जुने पाद्रीबाबही तेच म्हणाले होते. मी दाराशी उभी होते, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे.

"लिवान दी गो आंजू. मागसून काय होयत ता देव बघतलो."

"मागसून माका ता जमाचा नाय, ह्या माका आताच म्हायत आसा," तू म्हणालीस. "तेची आवस घरात आसा. ती काय ऐकाची नाय. मगे आता कशाक लिवू?"

पाद्रीबाबांनी चष्मा काढून पुसला. इतका सोपा मार्ग दाखवूनही कोणी त्यावरून चालायला तयार नाही, असं त्यांना पहिल्यांदाच दिसत असावं. तू रजिस्टर लग्न केलंस. आई आली नाही. बाबा आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. आणि त्या दिवसापासून तुला चर्चमध्ये येऊन बसायची मोकळीक राहिली, पण मीसच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी ओस्त घ्यायला बंदी झाली. ओस्त म्हणजे ती पांढरी पातळ भाकर, जी आमच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर असते. बाहेरच्या माणसाला ती एवढीशी चकती वाटेल. आम्हाला तिच्यावाचून रविवार रविवार वाटत नाही.

तरीही तू येत राहिलीस. दर रविवारी जमणं शक्य नव्हतं, पण फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, नाताळाला, गुड फ्रायडेला मसुऱ्याहून एसटीनं यायचीस, अबोलीचा गजरा माळून, आणि सगळ्यात मागच्या बाकाच्या अगदी टोकाला बसायचीस. ओस्तीची वेळ झाली की आख्खा बाक उठायचा. मधे बसलं तर लोकांना तुला ओलांडून जावं लागलं असतं, म्हणून टोकाला. गुडघे वळवून वाट करून द्यायचीस आणि सगळे परत येईपर्यंत एकटी बसून राहायचीस. एकदा मुंबईहून फेस्ताला आलेल्या एका म्हातारीनं तुझा हातच धरला.

"चल गो बाय, बसलंस कित्याक?"

"तुमी जावा," तू म्हणालीस, "मी जागो धरून ऱ्हवतंय."

मी पुढच्या बाकावरून ऐकलं. हसू आवरेना, आणि रांगेत पुढे जाऊन तोंड उघडायचं होतं. त्या रविवारी मी ओस्त कशी गिळली ते माझं मला माहीत.

तुझं सासर तुला मानवलं, हे मला बरीच वर्षं मानवत नव्हतं. मसुऱ्याला आले की मी खोड काढायला टपलेली असायचे. तुझ्या सासूनं देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर खिळा ठोकून तुझा क्रूस टांगायला दिला होता. तिन्हीसांजेला ती दिवा लावी आणि तू त्याच उजेडात रोझरी म्हणायचीस. वेगळी मेणबत्ती कशाला, उजेड तोच, असं तुमचं दोघींचं ठरलेलं. सोमवारी त्यांच्यासाठी मासळी बंद, चाळीसेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी आपल्यासाठी मटण बंद. मी म्हटलं, तुझ्या जिभेचे अगदी हाल आहेत. तू म्हणालीस, "देवांनी वार वाटून घेतले तां बरा झाला. दोघांनी एकच वार धरलो असतो तर राती काय रांधला असता?"

एकदा मात्र मी खरंच चिडले. सासू थकली होती आणि भराडी देवीच्या जत्रेला तिला एकटीला रांगेत उभं राहवत नव्हतं, म्हणून तू तिच्या खांद्याला धरून ती सगळी रांग काढलीस. मला कळल्यावर मी म्हटलं, "थंय रांगेत उभी ऱ्हवतस आणि हंय ओस्तीच्या रांगेत बसान ऱ्हवतस. ह्या काय तुझा?" तुला राग येईल असं वाटलं होतं. तू पापडावर लाटणं फिरवत होतीस, ते थांबलंही नाही. "थंय माका कोण काय इचारणा नाय," एवढंच म्हणालीस.

मी पोरांना पहिल्या ओस्तीसाठी तयार करते, हे तुला ठाऊक आहेच. शाळेतून निवृत्त झाले तरी रविवारचा तो वर्ग सुटला नाही. कुमसार कसं करायचं ते मी शिकवते. कुमसार म्हणजे फादरांपाशी आपली पापं सांगायची आणि माफी मागायची. तासाला मी पोरांना विचारते, मनात दुःख नसेल तर कुमसार कसं? आणि पोरं एका सुरात ओरडतात, खोटं! हे मी इतक्या पोरांकडून वदवून घेतलंय की आता त्यातली काही आपली पोरं घेऊन येतात.

आणि तरीही, भावोजी गेल्यावर, तुझ्या घरी पहिल्यांदा एकटी राहायला आले तेव्हा, मी तुला काय सांगितलं? ते बोलणं आपण कधी पुरं केलंच नाही, म्हणून पुन्हा मांडते.

तू चुलीपाशी वाटपासाठी खोबरं भाजत होतीस. मी म्हटलं, "बाय, आता काय आड नाय. मी फादरांक इचारलंय. भावोजी गेले, तेंच्याबरोबर ती अडचणय गेली. एकदा कुमसार कर आणि ओस्त घे. वायचसा काम आसा."

"कुमसारात काय सांगू?"

"चर्चच्या भायर लगीन केलंय, चुकी झाली. इतक्याच."

"माका ती चुकी वाटणा नाय तर?"

"वाटाक कित्याक व्हयी? नुसता म्हणाचा. आत कोण बघता?"

तू उलथनं बाजूला ठेवलंस. "ज्येका सांगाचा तोच बघता मगे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पोरांक काय शिकयतस गो तू, फिलू? दुख्ख नाय तर कुमसार खोटा, असाच मगे? गुडघ्यार बसान मी काय म्हणू? ह्या माणसाबरोबर सुखान ऱ्हवलंय, तेचा माका दुख्ख आसा म्हणान?"

मी ओरडले. तू सगळ्यांहून शहाणी, तुला नियम लागत नाहीत, तू आणि तुझा देव, बाकी आम्ही सगळे मूर्ख. असं बरंच काही. खोबरं करपलं. मी जेवायचं टाकून निघाले आणि समोर आली ती एसटी पकडली. ती आचऱ्याला जाणारी निघाली, तिथून फिरून मालवणला यावं लागलं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुला हसायला आणखी एक कारण कशाला द्यायचं?

दुसऱ्या दिवशी महेश डबा घेऊन दारात. कोंबडी-वडे. चाळीसेतला शुक्रवार होता, आणि तुला वार पक्का माहीत असणार. मी खाल्ले.

तो वाद तिथेच राहिला. नंतर आपण बोलायचो, पण त्याला वळसा घालून. मला माझी बाजू अजूनही सोडवत नाही, बाय. तू गेलीस म्हणून ती सोडली, असं तुलाही आवडणार नाही. तुला वाटायचं, मी नियमाच्या आड लपते. असेन लपत. पण सगळ्यांना तुझ्यासारखं प्रत्येक वेळी आत डोकावून, मन चाचपून, मग पाऊल टाकणं जमत नाही. कित्येक रविवारी मला उठवतही नाही. घंटा होते म्हणून उठते, साडी नेसते, जाते, आणि गेल्यावर केव्हातरी देव आठवतो. घंटा नसती तर मी अंथरुणात लोळत राहिले असते आणि त्याला मोकळीक म्हटलं असतं. तुझी गोष्ट निराळी. तुला ओस्त मिळत नसतानाही तू एसटीचे धक्के खात यायचीस. मला मिळत नसती तर मी एकदाही आले नसते.

आई गेली तेव्हाचं आठवतं. आईनं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं ते महेशच्या जन्मानंतर हळूहळू सुरू केलं, आणि शेवटी तर तुझ्याच हातची पेज तिला जाई. ती गेल्यावर माझं काहीतरी बिनसलं. चर्चला जात होते, गात होते, वर्ग घेत होते, पण प्रार्थनेला बसले की आत नुसता कोरडा खडखडाट. मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. समितीच्या बाईनं असलं काही सांगायचं कसं? तू आलीस, दोन दिवस राहिलीस आणि न सांगताच ओळखलंस. "जमणा नाय तर म्हणू नको," म्हणालीस. "तुझ्या वांट्याचा मी म्हणतंय. तू निज." आणि माझ्या खोलीत, माझ्या रोझरीवर, माझी प्रार्थना म्हणत बसलीस. मला ओस्तीची मुभा होती आणि तुला नव्हती, आणि माझ्या वाटणीची तू म्हणत होतीस. ते बघत मी झोपले. असे बरेच दिवस गेले आणि मग माझी मी म्हणायला लागले. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, खोड काढायची होती. आज मानते. फार उशीर केला, ठाऊक आहे.

मग तुझं हृदय थकलं. डॉक्टर मालवणात, म्हणून महेशनं तुला माझ्याकडे आणून ठेवलं. पहिले काही दिवस तू खुर्चीत बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचीस. नंतर तेही जमेना. एका सकाळी मी विचारलं, फादरांना बोलावू का? तू म्हणालीस, "येंवदे." ते तुझं मला ऐकू आलेलं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर नुसती मान.

आमचे आताचे फादर तरुण, वसईकडचे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून आले. मी टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता, क्रूस उभा केला होता, मेणबत्ती लावली होती. खोटं कशाला बोलू, मला आतून आनंदच झाला होता. इतकी वर्षं ज्या घडीची वाट बघितली, ती माझ्याच घरात, माझ्याच रुमालावर आली होती. बाय आता ओस्त घेणार. नियमानं घेणार. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

फादर तुझ्या उशाशी वाकले. "आजी, आपण आधी आपल्या पापांची आठवण करून देवाकडे क्षमा मागू. बोलायचा त्रास घेऊ नका. केलेल्या सगळ्या पापांबद्दल दुःख होत असेल तर नुसती मान हलवा. तेवढं पुरे."

तेवढं पुरे! मी तुला सांगितलं होतं त्यापेक्षाही सोपं. गुडघे नको, शब्द नकोत. आणि मी तुझ्याकडे बघितलं. तू सकाळपासून मान हलवत होतीस. चहा देऊ का म्हटलं तरी हलवलीस, नको ना म्हटलं तरी हलवलीस, पंखा लावू का, बंद करू का, सगळ्याला हो. तुझ्या मानेत होय-नाही उरलंच नव्हतं. आता तू हलवणार आणि फादर ते होय समजणार. जे खोटं होय तू भावोजींसाठी लिहून दिलं नाहीस, माझ्या आरडाओरड्यालाही दिलं नाहीस, ते आता नुसतं तुझ्याकडून काढून घेतलं जाणार होतं, आणि घेणाऱ्यांत मी होते.

"फादर, थांबा," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. महेश दारात उभा होता, तोही.

"तिनं लग्न चर्चच्या बाहेर केलं. तुम्हाला माहीत नसेल. त्याचं तिला दुःख नाही. कधीच नव्हतं. ते सोडून बाकी सगळ्याबद्दल मान हलवली असं धरा. त्याबद्दल धरू नका." एका दमात बोलून टाकलं. मनात म्हटलं, झालं, आता हे ओस्तीची डबी मिटून निघून जाणार, आणि बाय ओस्तीवाचून मरणार, आणि तेही माझ्यामुळे.

फादरांनी आजाऱ्यांसाठीच्या तेलाची कुपी उघडली. मग म्हणाले, "मी लग्नाचं काही विचारलंच नव्हतं, बाई." आणि तुझ्याकडे वळून तुझ्या कपाळावर तेल लावलं, हातांवर लावलं. ओस्तीचा नखाएवढा तुकडा मोडून चमचाभर पाण्यातून तुझ्या ओठांशी नेला. तू गिळलास. त्याला बराच वेळ लागला. तू त्या वेळी माझ्याकडे बघत होतीस की माझ्यामागच्या खिडकीकडे, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मी त्यांना पोचवायला पायरीपर्यंत गेले. ते हेल्मेटचा पट्टा लावत होते. मला राहवेना. जन्मभराची सवय.

"फादर, मी विधी चालू असताना मधे बोलले. त्याचं मला कुमसार करावं लागेल का?"

"त्याचं वाईट वाटतंय का तुम्हाला?"

मी खरंच विचार करून बघितला, बाय. सगळीकडे चाचपून बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग कशाचं करणार?" म्हणाले, आणि स्कूटर चालू करून गेले.

मी तशीच आत आले, पायरीवर चप्पल काढायचंही भान राहिलं नाही. तुला सांगायचं होतं. तुझं बरोबर होतं, निदान या एका बाबतीत, आणि बाकीचं तू बरी झालीस की भांडू, असं सांगायचं होतं. आत येऊन बघते तर तुझा डोळा लागला होता. कितीतरी दिवसांनी तुला अशी शांत झोप लागली होती, म्हणून हाक मारली नाही. खुर्ची ओढून बसले. दुपारी जाग आली की सांगू, म्हटलं.